पहारेकरी गाठ

सोमवार, ३ फेब्रुवारी

तपासणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनात येईल ते लिहीत जा, कुणाला दाखवू नका. मनात सध्या एकच गोष्ट येते, ती म्हणजे किळस. तेव्हा तीच लिहिते.

मी एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. पाहुणे खोली सोडून गेले की मागे काय काय उरतं ते मला विचारावं. बशीत कापलेली नखं, मोरीच्या जाळीत केसांचा गुंता, आरशावर चूळ भरतानाचे शिंतोडे. नव्या मुली नाक मुरडतात तेव्हा मी त्यांना सांगते, "अगं, घाण परक्याची आहे तोवर चैन आहे. उचलायची, टाकायची आणि विसरायचं." आता घाण माझीच आहे. गर्भाशयाच्या तोंडाशी, दीड सेंटिमीटरची. कॅन्सर म्हणतात तिला. लवकर सापडला म्हणून सगळे माझं अभिनंदन करत असल्यासारखे बोलतात.

मला वास येतो. इतर कुणाला येत नाही म्हणे. पण माझं नाक आयुष्यभर याच कामाला जुंपलेलं आहे. खोलीच्या दारात उभी राहून मी सांगते की आत कुणी सिगारेट ओढली की नाही. त्या नाकाला आता रजा कशी देऊ? दिवसातून तीनतीनदा अंघोळ करते. आज पोरगी म्हणाली, "आई, साबण संपवलास सगळा." म्हटलं, संपू दे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज मिस्त्रीला घेऊन मोठ्या इस्पितळात गेले. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे त्याचं. गिऱ्हाइकं त्याला मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तो मला मॅडम म्हणतो, तेही चिडवायला.

तपासणीच्या खुर्चीवर पाय फाकून बसावं लागलं. तिच्यावरचा कागद कुणीतरी बदलला होता, पण कडेला आधीच्या बाईचं काहीतरी वाळलेलं होतं. माझ्या हाताखालची मुलगी असती तर तिथल्या तिथं खरडपट्टी काढली असती. उघड्या पडलेल्या बाईला कुणाची खरडपट्टी काढता येत नाही. छताकडे बघत गप्प पडले.

सर्जनबाई वयानं लहान आहेत, पण नखं आखूड आणि स्वच्छ. नखांवरून मी माणूस ठरवते. त्यांनी कागदावर पेनानं चित्र काढून समजावलं. गर्भाशयाच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना बारीक वाहिन्या जातात आणि वाटेत छोट्या छोट्या गाठी असतात. त्या सगळ्यांनाच असतात, आजाराच्या नव्हेत. दोन्ही बाजूंची पहिली गाठ म्हणजे पहारेकरी. कॅन्सर बाहेर सटकला तर आधी तिच्यात शिरतो. म्हणून भूल दिल्यावर आत निळा रंग टोचायचा, तो वाहत वाहत कुठल्या गाठीत पहिल्यांदा पोचतो ते बघायचं, ती काढायची आणि मी टेबलावर असतानाच तपासायची. दोन्हीकडचे पहारेकरी स्वच्छ निघाले तर गर्भाशय काढून टाकायचं आणि सुटका. बाकीच्या गाठींना हात लावायला नको, म्हणजे पुढं पाय सुजायची भीती कमी.

"आणि स्वच्छ नाही निघाले तर?" मी विचारलं.

"तर ऑपरेशन तिथंच थांबवायचं. गर्भाशय आहे तसं ठेवून किरणांचे आणि औषधांचे उपचार. ती वाट लांबची आहे."

म्हणजे शुद्धीवर आल्यावर विचारायचं, काढलं का? काढलं असेल तर बातमी चांगली. ज्या पिशवीत पोरगी वाढली ती कापून फेकली म्हणून देवाचे आभार मानायचे. काय पण चांगली बातमी.

हे आलं कुठून, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, "एक विषाणू असतो, संपर्कातून येतो. बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो. एखादीचा वर्षानुवर्षं राहतो. कधीचा, कुणाचा, ते सांगता येत नाही. कुणाचा दोष नाही, घरी यावरून वाद घालू नका."

मिस्त्री दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे टाकून नखांकडे बघत बसला होता. ऑइलनं काळे झालेले हात, ते घेऊन इस्पितळात आला. इथं माझ्या पोटाचं चाललंय आणि याला स्वतःच्या नखांचं पडलंय. मी टेबलाखालून त्याला पाय मारला.

सोमवार, १० फेब्रुवारी

संपर्कातून. हा शब्द चार दिवस डोक्यात किड्यासारखा वळवळतोय. माझा संपर्क एकाशीच. त्याचा? गॅरेजवर ती स्कूटीवाली बाई दर आठवड्याला येते. एवढी काय बिघडते तिची स्कूटी?

आणि मिस्त्रीचं वागणं बदललंय, हे मी डोळ्यांनी बघतेय. गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. "तुला झोप लागायला पाहिजे," म्हणाला. जेवताना चमचा घेतो. ज्या माणसानं जन्मात चमचा धरला नाही तो. माझ्या ताटाला, पेल्याला हात लावत नाही. पोरीला हाक मारून म्हणतो, "आईला पाणी दे." मी तिथंच बसलेली असते आणि पाण्याचा तांब्या त्याच्या कोपराशी असतो.

हातही सारखे धुतो. आधी रॉकेलनं, मग कपड्यांच्या पावडरीनं, आज तर मोरीतलं फिनेल घेतलं होतं. पूर्वी मी कानीकपाळी ओरडायचे, "अहो, ते हात धुऊन या, मला लावू नका", तेव्हा हा दोन बोटं नळाखाली धरून यायचा. आता घासून घासून कातडी सोलवटलीय. सगळ्या घराला फिनेलचा वास येतो, जेवण तोंडात फिरतं.

मला सगळं कळतं. त्याला माझी किळस येते. डिसेंबरात आम्ही एकदा जवळ आलो तेव्हा चादरीवर रक्त पडलं होतं. त्यानं दिवा लावला आणि नुसता उभा राहिला, एकदा चादरीकडे आणि एकदा स्वतःच्या हातांकडे बघत. मी झटकन चादर ओढून गार पाण्यात टाकली, गरम पाण्यानं रक्ताचा डाग बसतो. तेव्हापासूनच त्याचं मन विटलं असणार. या घरात किळस करायचं काम माझं होतं. तेही यानं घेतलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वन्सं आल्या होत्या, मिस्त्रीची थोरली बहीण. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या, म्हणजे वेळ आली तर पळायला बरं. चेहरा असा की मी गेलेच आहे आणि त्या सुतकाला भेटायला आल्यात.

"वहिनी, तुम्ही एवढ्या स्वच्छतेच्या. बाई गं, तुम्हालाच कसं झालं?"

"घाणेरड्यांना वेळ नव्हता म्हणून," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही. मग कुठं होतं, काय होतं, जातं का, येतं का, सगळं खोदून खोदून विचारलं, आणि प्रत्येक उत्तराला "शी, शी" करत पुन्हा पुढचा प्रश्न. एखाद्याला खपली काढायची हौस असते तसं.

निघताना माझा हात हातात घेतला आणि सोडल्यावर पदराला पुसला. मी बघतेय हे त्यांनी बघितलं, तरी पुसला. मग स्वयंपाकघरात मिस्त्रीला गाठून बराच वेळ कुजबुजत होत्या. "तुझे हात" एवढं ऐकू आलं. सांगत असतील, हिला शिवलास तर हात धूत जा. त्याला ते सांगायची गरज नाही, वन्सं. तो तेच करतोय. त्या गेल्यावर पुन्हा नळ सुरू झाला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

इस्पितळात भरती झाले. ऑपरेशन उद्या.

पोट साफ करायचं औषध दिलं. त्याचं वर्णन इथंही लिहिणार नाही. मग एका नर्सनं खालचे केस काढले. "ताई, लाजू नका, आम्हाला रोजचंच आहे." मीसुद्धा मुलींना हेच सांगते, रोजचंच आहे. ज्याच्यावर वेळ येते त्याला ते रोजचं नसतं. मांडीला चिकटलेला एक केस तिनं तसाच ठेवला. तो मी स्वतः उचलला.

शेजारच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई आहे, वयानं माझ्याएवढीच. उकडलेलं अंडं खात होती, तोंड उघडं ठेवून, मचमच आवाज करत. पिवळा बलक हनुवटीला लागलेला. शेवटी न राहवून विचारलं, "तुमचं ऑपरेशन कधी?"

"झालं की परवा," ती म्हणाली. "उघडलं आणि बंद केलं. पहिल्याच गाठीत निघालं. शुद्धीवर आले तशी विचारलं, काढलं का? नर्स म्हणाली, डॉक्टर सांगतील. तिथंच समजले मी. काढलं असतं तर तिनंच नसतं का सांगितलं?"

मग मला म्हणाली, "खाऊन घ्या हो. उद्यापासून कुणाला भूक लागतेय." आणि दुसरं अंडं माझ्यापुढं केलं. मी म्हटलं, मला रात्रीपासून उपास सांगितलाय. ते खरंच होतं, पण मी बाहेर बघत म्हटलं, कारण तिचं तोंड बघवेना. आता ती भिंतीकडे वळून पडलीय. तिची हनुवटी पुसायला पाहिजे होती कुणीतरी. मी उठले नाही.

मिस्त्री संध्याकाळी आला आणि दारातच उभा राहिला. पोरगीनं माझ्या कपाळावर हात ठेवला, तिचा बाप खिशात हात घालून लांबूनच बघत होता. "येतो," म्हणाला. मी म्हटलं, "या." उद्या मी टेबलावरच गेले तर नवऱ्याचा निरोप एवढाच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज पेन धरता येतंय.

शुद्धीवर येताना घसा कोरडा पडलेला, जीभ तोंडात मावत नव्हती. समोर एक नर्स सलाईन बघत होती. मी विचारलं, "काढलं का?" ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील, ताई."

मी संपले. त्या बाईच्या हनुवटीवरचा बलक डोळ्यांपुढं आला. पोरीचं लग्न, पोरीची परीक्षा, असलं काही आठवलं नाही. आठवला तो बलक. मग बहुतेक मी रडले, कारण उशी ओली होती, आणि ओल्या उशीवर गाल ठेवायची मला शिसारी येते.

सर्जनबाई आल्या त्या कपाळावर टोपीचा वळ घेऊन. "काढलं," म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. "काढलं हो. उजवीकडे रंग छान गेला, पहारेकरी सापडला, स्वच्छ आहे. डावीकडे मात्र रंग गेलाच नाही. दुसऱ्यांदा टोचून बघितलं, तरी नाही. मग पहारेकरी कोण हेच कळत नाही, म्हणून त्या बाजूच्या सगळ्या गाठी काढाव्या लागल्या. वरवर बऱ्या दिसतात. बारकाईनं तपासून अहवाल यायला दोन आठवडे. आणि डावा पाय सांभाळायचा, सुजू शकतो."

म्हणजे अर्धी बातमी चांगली. माझ्या बाबतीत नशीबसुद्धा काम अर्धवट सोडून जातं.

आणि तो रंग! खाटेला लघवीची पिशवी अडकवलीय, तिच्यात हिरवंनिळं पाणी. थेट आमच्या हॉटेलातलं संडास धुवायचं औषध. पहिल्या दिवशी माझा चेहरासुद्धा राखेसारखा दिसत होता, पोरगी दारातच दचकली. मी आयुष्यभर ज्या रंगानं लोकांची घाण धुतली तोच माझ्यातून वाहतोय. हसू आलं असतं, पण टाके दुखतात.

शनिवार, १ मार्च

घरी आले. लघवीची नळी अजून आठवडाभर राहणार. रंग आता नेहमीचा झालाय, म्हणजे आणखी घाणेरडा.

पिशवी पोरगी रिकामी करते. सतरा वर्षांची पोर, तिनं या वयात आईची लघवी उचलायची. मिस्त्री दारात उभा राहून तिला सांगतो, "नळीला पीळ पडू देऊ नको. पिशवी नेहमी खाली ठेव. तोटी नीट बंद केलीस का?" जसं काही पेट्रोलच्या टाकीचं काम चाललंय. सगळं कळतं त्याला, माझी पिशवी किती भरली हे माझ्याआधी कळतं. पण हात लावणार नाही.

पोरगी म्हणाली, "बाबांनी गॅरेज बंद ठेवलंय. तू भरती झालीस तेव्हापासून." मी म्हटलं, "लोक विचारतात, बायकोला काय झालं. लाज वाटत असेल सांगायला." ती माझ्याकडे बघत राहिली. मग पिशवी घेऊन गेली.

गुरुवार, ६ मार्च

अहवाल आला. सगळ्या गाठी स्वच्छ, डावीकडच्याही. कापलेल्या कडासुद्धा स्वच्छ. फोनवर सर्जनबाईंनी "स्वच्छ" हा शब्द तीनदा उच्चारला. आता फक्त तपासण्यांना जायचं.

मी पोरीच्या गळ्यात पडून रडले. मिस्त्रीला सांगितलं तर तो "बरं झालं" एवढंच म्हणाला आणि मोरीत जाऊन दार लावलं. नळ किती वेळ वाहत होता. बायको जगणार म्हटल्यावरही याला हात धुण्याशिवाय काही सुचत नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. त्या फिनेलनं डोळे जायचे याचे एक दिवस.

गुरुवार, २० मार्च

आजचं नीट लिहायला पाहिजे.

नळी काढून बरेच दिवस झाले. डावा पाय मात्र संध्याकाळी जड होतो, चपलेचा पट्टा रुततो. आज तपासणीला गेलो तेव्हा सर्जनबाईंनी दाबून बघितला आणि म्हणाल्या, "सुरुवात आहे. रोज हलक्या हातानं पाऊल ते मांडी असं वर वर चोळायचं, म्हणजे पाणी साठत नाही. या, मिस्टरांना शिकवते."

मिस्त्री भिंतीला जाऊन टेकला. "पोरीला शिकवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या बाईसमोर! म्हटलं, "राहू द्या हो डॉक्टर. त्यांना माझी किळस येते."

"तुझी?" तो म्हणाला. एवढंच. मग सर्जनबाईंकडे वळून म्हणाला, "मॅडम, एक विचारू? माझ्या हातानंच झालंय ना हे?"

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात ना, संपर्कातून. माझे हात कायम ऑइल-ग्रीसमधे. ही बिचारी सारखी सांगायची, धुऊन या, धुऊन या. मी आपला वरवर धुवायचो, दमून आलेलो असायचो. त्या रात्री रक्त आलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं. बहिणीनंही तेच सांगितलं. आता मी गॅरेज बंद केलंय, दीड महिना घासतोय, पण नखांच्या मुळाशी राहतंच. ते पुन्हा तिच्यात गेलं तर?"

त्यानं दोन्ही हात पुढं केले. मी ते इतक्या जवळून कित्येक दिवसांत बघितले नव्हते. बोटांच्या पेरांना चिरा, चिरांत सुकलेलं रक्त, मनगटापर्यंत लाल, पाण्यात कुजल्यासारखी पांढरी कातडी. मला ढवळून आलं. खरंच सांगते, आधी ढवळून आलं आणि मग बाकीचं.

सर्जनबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठं. शांतपणे म्हणाल्या, "ऑइलनं हे होत नाही. ग्रीसनं होत नाही. तुमच्या हातानं काहीही झालेलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी बाहेर बसलेल्या पोरीला आत बोलावून चोळायचं कसं ते दाखवलं, मिस्त्री पुन्हा भिंतीला टेकून उभा.

परतताना मला भयंकर राग आला होता. एवढा मोठा बाप्या! एक साधा प्रश्न विचारायला तोंड नव्हतं? त्याच दिवशी, त्याच खोलीत विचारायचा होता. वन्संना तर मी बघूनच घेणार आहे. आणि त्या स्कूटीवालीला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, तिला बिचारीला पत्ताही नाही.

घरी आल्यावर फिनेलची बाटली उचलली आणि शेजारच्या बाईंना देऊन टाकली. मिस्त्रीला म्हटलं, "गॅरेज उद्या उघडायचं." तो म्हणाला, "बरं, मॅडम." किती दिवसांनी मॅडम म्हणाला.

बुधवार, २ एप्रिल

पाय चोळायचं शिक्षण पोरीनंच घेतलं होतं, पण आज तिचा उशिरापर्यंत क्लास. मी म्हटलं, "अहो मिस्त्री, या."

तो औषधाच्या दुकानातून आणलेले रबरी हातमोजे घालून आला. डॉक्टरांनी नक्की सांगूनसुद्धा. गॅरेजमधून नुकताच आला होता, अंगाला पेट्रोलचा वास. खाली बसला, माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि सुरुवात केली. रबर कातडीला चिकटत होतं, ओढत होतं, किरकिर आवाज येत होता. गोगलगाय चढत असल्यासारखं वाटत होतं.

"काढा ते," मी म्हटलं.

"राहू दे. आज ऑइल बदलायची तीन कामं होती. नीट निघालेलं नाही."

"काढा म्हटलं ना."

त्यानं एकेक बोट ओढून मोजे काढले. चिरा भरत आल्यात, पण त्यांच्यात पुन्हा काळं बसलंय. हात हवेत धरून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग पावलापासून वर, पोटरीपर्यंत, गुडघ्याच्या मागून, हळूहळू. सर्जनबाईंनी दाखवलं होतं तसंच. त्या दिवशी भिंतीला टेकूनही सगळं बघून ठेवलं होतं त्यानं. खरखरीत हात. नडगीवर एक करडा पट्टा उमटला.

"दुखतंय का?" त्यानं विचारलं.

"घाण लागतेय," मी म्हटलं.

त्याचे हात थांबले.

"थांबू नका," मी म्हटलं. "अजून वर जायचंय."